संध्याकाळी जड होणारं काट्याचं सॉफ्टवेअर: एमव्हीव्हीएम ॲपमधली मेमरी लीक कशी पकडायची

लक्षणं

सकाळी सहाला पाळी बदलते तेव्हा सगळं चोख असतं. उसाची ट्रॉली काट्यावर चढते, इंडिकेटरवरचा (काट्याचं वजन दाखवणाऱ्या पेटीवरचा) आणि संगणकावरचा आकडा जोडीने हलतात, वजन स्थिरावलं की पावती बाहेर. अकरा-बाराच्या सुमारास नवी पावती उघडायला सेकंदभर जास्त लागतो. तीन वाजता टाइप केलेला गाडी नंबर एकेक अक्षर करून उमटतो. आणि पाचच्या पुढे काट्यावरच्या पोराचा फोन येतो: "सर, काटा बरोबर हाय, खरं स्क्रीनवरचा आकडा मागनं येऊलाय."

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाड या पट्ट्यातल्या काट्यांवरची पावतीची सॉफ्टवेअरं मी गेले अनेक हंगाम सांभाळतो आहे. बहुतेक डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवरच्या खिडक्या बनवण्याची मायक्रोसॉफ्टची चौकट), एमव्हीव्हीएम पद्धतीने लिहिलेली, म्हणजे स्क्रीन (व्ह्यू), माहिती (मॉडेल) आणि दोघांना जोडणारा व्ह्यूमॉडेल वेगवेगळे. मेमरी लीक, म्हणजे नको झालेली मेमरी न सुटणं, हा एकच दोष मी वेगवेगळ्या ठिकाणी इतक्यांदा काढला आहे की आता तपासणीचा क्रम ठरून गेला आहे. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीत आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीतही तोच क्रम लागू पडला. खालच्यांपैकी दोन-तीन गोष्टी तुमच्याकडे जुळत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे:

- प्रोग्रॅम बंद करून उघडला की लगेच हलका होतो, आणि काही तासांनी पुन्हा तसाच जड.
- जडपणा घड्याळावर नाही, कामावर चढतो. पावसाने तोड थांबली आणि दिवसात चाळीसच गाड्या आल्या, तर संध्याकाळीही सगळं ठीक.
- टास्क मॅनेजरमधली मेमरी चढत जाते आणि गर्दी ओसरली तरी खाली येत नाही.
- कोणी काही करत नसतानाही प्रोसेसरचा वापर वाढलेला दिसतो.
- शेवटी 'आउट ऑफ मेमरी'चा संदेश येतो, खिडकी पांढरी पडते, किंवा पावतीवरची क्यूआर कोडची जागा कोरी राहते.

हे निव्वळ संगणक संथ होण्याचं प्रकरण नाही. आपल्याकडे 'काटामारी' हा शब्द शाळकरी पोरालाही माहीत आहे. इंडिकेटरवर एक आकडा आणि स्क्रीनवर दुसरा, असं दोन सेकंद जरी दिसलं तरी ट्रॉलीवाला खाली उतरून येतो. वर्षभर पाणी पाजून वाढवलेला ऊस आहे तो. त्याचा संशय रास्तच असतो. काटा खरा असून सॉफ्टवेअरमुळे खोटा ठरणं मला सहन होत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

मुळात काय होतं

डॉटनेटमध्ये (डब्ल्यूपीएफ ज्यावर चालतं तो मायक्रोसॉफ्टचा पाया) मेमरी आपण हाताने मोकळी करत नाही, ते काम गार्बेज कलेक्टर करतो. त्याचा नियम सरळ आहे: स्टॅटिक चल, चालू थ्रेड अशा मुळांपासून ज्या वस्तूपर्यंत वाट पोचते, ती वस्तू जिवंत. वाट तुटली की कचरा. त्यामुळे डॉटनेटमधली लीक म्हणजे मोकळं करायला विसरलेली मेमरी नव्हे. आपल्याला नकोशी झालेली वस्तू कोणीतरी अजून धरून ठेवली आहे.

एमव्हीव्हीएममध्ये हे धरून ठेवणं बहुतेक वेळा इव्हेंटमधून ('अमुक घडलं' अशी हाक देण्याची सोय) होतं, आणि इथे दिशा नीट कळली पाहिजे. ऐकणारा जोडायला `+=` लिहिलं की ज्याचा इव्हेंट आहे तो ऐकणाऱ्याला धरतो. भाडेकरू घर सोडून गेला, पण दूधवाल्याच्या वहीत त्याचं नाव तसंच आहे, तसं हे. वही आहे तोवर दारात दूध येत राहणार. दूधवाला म्हणजे आपली वजन वाचणारी सर्व्हिस, जी प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जगते. भाडेकरू म्हणजे एका पावतीचा व्ह्यूमॉडेल, ज्याने दोन मिनिटांत जायला हवं. पण त्याला धरलं की त्याच्याबरोबर पावतीचं मॉडेल, गाडीचे फोटो, शेतकऱ्याचा तपशील आणि अनेकदा आख्खी खिडकीही राहते.

पहिली तपासणी: वही आणि टास्क मॅनेजर

याला खर्च शून्य, आणि प्रोग्रॅमरही लागत नाही. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबवर जा, स्तंभांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून कमिट साइज, हँडल्स, युजर ऑब्जेक्ट्स आणि जीडीआय ऑब्जेक्ट्स (विंडोजकडून चित्रं काढायला घेतलेल्या वस्तू) हे चार स्तंभ चालू करा. काट्यावर वही असतेच. दर दोन तासांनी हे चार आकडे आणि तोवर निघालेल्या पावत्यांची संख्या लिहायला सांगा.

कमिट साइजच का? नेहमी दिसणारा मेमरीचा आकडा हा वर्किंग सेट असतो, आणि विंडोज तो परिस्थितीनुसार कमी-जास्त करतं. खिडकी मिनिमाइझ केली तरी तो बदलू शकतो. प्रोग्रॅमने स्वतःसाठी खरोखर किती राखून ठेवलं आहे ते कमिट साइज सांगतं.

पावत्यांची संख्या का? वाढ कामाला चिकटलेली आहे की वेळेला, हे त्यावरून कळतं. प्रत्येक पावतीमागे ठरावीक वाढ दिसली तर दोष पावतीच्या खिडकीत. गाड्या नसतानाही रात्रभर वाढ होत असेल तर एखादा टायमर किंवा न थांबणारी लॉगची यादी शोधा.

आणखी एक गोष्ट. मेमरी वर गेली म्हणून लगेच लीक म्हणू नका. निरोगी प्रोग्रॅमचा आलेख करवतीच्या दातांसारखा असतो, चढतो आणि कलेक्टर आला की पडतो. पाहायचं ते दातांचं टोक नव्हे, तळ. तळ दर तासाला वर सरकत असेल तर लीक आहे. मी एकदा दोन दिवस एका 'लीक'च्या मागे घालवले. ते फक्त कलेक्टरला घाई नसण्याचं प्रकरण होतं. तेव्हापासून वहीचं पान हातात आल्याशिवाय कोड उघडत नाही.

तोवर काटा चालू ठेवा

पाळी बदलताना प्रोग्रॅम बंद करून उघडायचा, असा नियम आजच लावा. दिवसातून तीनदा, रांग नसलेल्या मिनिटात. रांगेच्या मध्येच बंद पडण्यापेक्षा हे बरं. हा उपाय नाही, पण हंगाम चालू असताना तपासणीला लागणारे दिवस यातून मिळतात.

तीन गोष्टी मात्र करू नका. दर पाच मिनिटांनी गार्बेज कलेक्शन जबरदस्तीने चालवणारा टायमर घालू नका. धरलेली वस्तू त्याने सुटत नाही, उलट आकडा अडखळतो. वर्किंग सेट रिकामा करणारी क्लृप्ती वापरू नका. टास्क मॅनेजरमधला आकडा पडतो, कमिट तिथेच राहतं. आणि चौकशी न करता रॅम विकत आणू नका. कारण पुढे आहे.

प्रोग्रॅम ३२ बिटचा आहे का

टास्क मॅनेजरमध्ये 'प्लॅटफॉर्म' नावाचा स्तंभ आहे, तिथे पाहा. ३२ बिटच्या प्रोसेसला साधारणपणे २ जीबी पत्त्यांची जागा मिळते, मग मशीनमध्ये १६ जीबी रॅम असली तरी. जागेचे तुकडे पडत असल्याने प्रत्यक्षात त्याच्या बरंच आधी प्रोग्रॅम कोसळतो. जुन्या इंडिकेटरच्या किंवा प्रिंटरच्या ३२ बिट डीएलएलमुळे (सोबत येणाऱ्या तयार कोडच्या फाइलमुळे) काट्याची बरीच सॉफ्टवेअरं अशी अडकलेली असतात. काही ठिकाणी मात्र व्हिज्युअल स्टुडिओतला 'प्रिफर ३२-बिट'चा खूण-चौकोन कोणी काढलेला नसतो, इतकंच. ६४ बिट केल्याने लीक जात नाही. दम जास्त वेळ टिकतो.

ऐकणारे मोजा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे, कारण तिला कसलंही टूल लागत नाही आणि दहापैकी सात-आठ वेळा गुन्हेगार इथेच सापडतो.

वजन वाचणारी सर्व्हिस उघडा. तिच्यात 'वजन बदललं' असा एखादा इव्हेंट असेल. त्या क्लासच्या आतून इव्हेंटची इन्व्होकेशन लिस्ट (ऐकणाऱ्यांची यादी) मागता येते. तिची लांबी म्हणजे या क्षणी किती जण ऐकताहेत तो आकडा. इव्हेंट नल असेल तर शून्य धरा. हा आकडा स्टेटस बारच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दाखवा: 'वजन ऐकणारे: १'. एक पावती उघडी असेल तर १, नसेल तर ०.

अथणीकडच्या एका काट्यावर मी ही ओळ घातली आणि समोर बसून राहिलो. पहिली ट्रॉली, १. पावती बंद. दुसरी ट्रॉली, २. तिसरी, ३. पोराला काही समजावून सांगावं लागलं नाही, चौथ्या ट्रॉलीला तोच म्हणाला, "सर, हे गाड्या मोजूलाय की!" संध्याकाळी आकडा ४१२ होता.

आता वरचं चौथं लक्षण आठवा. इंडिकेटर सेकंदाला १० वेळा वजन पाठवतो असं धरलं, तर ४१२ ऐकणाऱ्यांसाठी सेकंदाला ४,१२० हाका होतात. प्रत्येक हाक यूआय थ्रेडच्या रांगेत उभी राहते, कारण आकडा स्क्रीनवर दाखवायचा म्हणजे डिस्पॅचरकडूनच (स्क्रीनची कामं रांगेने करवून घेणारा) जावं लागतं. रांग तुंबली की खरा, उघडा असलेला व्ह्यूमॉडेल आपल्या पाळीची वाट पाहत बसतो. "आकडा मागनं येऊलाय" म्हणतात तो हाच. मेमरी संपण्याच्या कितीतरी आधी ही लीक प्रोसेसरवर दिसते.

आणि याहून वाईट म्हणजे, बंद झालेल्या पावतीच्या व्ह्यूमॉडेलमध्ये 'वजन स्थिर झालं की जतन करा' असा कोड असेल तर तो अजूनही चालतो आहे. एका ठिकाणी जुन्या पावतीवर नव्या गाडीचं वजन चढलेलं मी स्वतः पाहिलं. नशिबाने छपाई झालेली नव्हती. असा एकही प्रकार दिसला तर त्या दिवशी स्वयंचलित जतन बंद करा, मग बाकीचं.

दुरुस्ती करताना तीन ठिकाणी चूक होते.

पहिली, लॅम्डा, म्हणजे बिननावाची मेथड. `+=` ला थेट लॅम्डा दिला असेल तर खाली तसाच दुसरा लॅम्डा लिहून `-=` केल्याने काहीही सुटत नाही; ती वेगळी वस्तू आहे. नाव असलेली मेथड द्या, किंवा लॅम्डा एका फील्डमध्ये ठेवा.

दुसरी, जागा. बरेच जण खिडकीच्या 'लोडेड'मध्ये जोडतात आणि 'अनलोडेड'मध्ये तोडतात. पण टॅब कंट्रोलमध्ये टॅब बदलला तरी हे दोन्ही इव्हेंट होतात. 'लोडेड' पुन्हा पुन्हा येतो, आणि तोडणं विसरलं असेल तर एकच व्ह्यूमॉडेल पाच वेळा ऐकू लागतो. मी जोडणं आणि तोडणं दोन्ही व्ह्यूमॉडेलमध्येच ठेवतो: तो डिस्पोजेबल (आवराआवरीची 'डिस्पोज' मेथड असलेला) करायचा आणि ज्याने खिडकी उघडली त्यानेच ती बंद झाल्यावर डिस्पोज करायचं.

तिसरी, वीक इव्हेंटवर आंधळा भरवसा. डॉटनेट ४.५ पासून जेनेरिक वीकइव्हेंटमॅनेजर मिळतो, आणि तो ऐकणाऱ्याला घट्ट धरत नाही. चांगली सोय आहे. पण कलेक्टर येईपर्यंत ऐकणारा जिवंतच असतो आणि हाका त्याला जातच राहतात. वजनासारख्या गोष्टीत ती काही सेकंदांची मुदतही मला नको वाटते. वजनाला हाताने तोडा. वीक इव्हेंट थीम किंवा भाषेसारख्या निरुपद्रवी गोष्टींसाठी ठेवा.

भाषेचं बटण

हा आपल्या सीमाभागातला खास प्रकार. एका पाळीचा माणूस मराठी वाचतो, दुसऱ्या पाळीचा कन्नड. पावतीवर दोन्ही लिप्या असतात. म्हणून बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलण्याचं बटण असतं, आणि त्यामागे 'भाषा बदलली' असा स्टॅटिक इव्हेंट. प्रत्येक व्ह्यूमॉडेल आपल्या मथळ्यांसाठी तो ऐकतो. स्टॅटिक म्हणजे मूळच. त्याला लटकलेलं काहीही आपोआप सुटत नाही.

इथे चाचणी फारच सोपी आहे. सकाळी बटण दाबा, मथळे डोळ्याचं पातं लवतं तोवर बदलतात. संध्याकाळी दाबा. तीन-चार सेकंद लागले तर दिवसभरातल्या सगळ्या मेलेल्या खिडक्या आपापले मथळे कन्नडमध्ये बदलून घेताहेत. वजनाची गळती काढूनही मेमरी चढत राहिली तर मी दुसऱ्या नंबरला इथेच हात घालतो.

कोडमध्ये शोध घ्या

आता अर्धा दिवस लागेल, पण पैसे अजूनही नाहीत. सगळ्या प्रोजेक्टमध्ये `+=` शोधा आणि प्रत्येकासाठी विचारा: डावीकडचा जास्त जगतो की उजवीकडचा? खिडकीने स्वतःच्याच बटणाचा इव्हेंट ऐकला तर काही बिघडत नाही, दोघं एकत्रच जातात. डावीकडे सर्व्हिस, सिंगलटन (आख्ख्या प्रोग्रॅमला एकच असलेली वस्तू), स्टॅटिक किंवा मुख्य व्ह्यूमॉडेल असेल आणि उजवीकडे रोज येणारा-जाणारा कोणी असेल, तर तिथे थांबा.

डिस्पॅचरटायमर पाहा. चालू टायमरला डिस्पॅचर धरतो, टायमर आपल्या टिक ऐकणाऱ्याला धरतो. खिडकी बंद करताना 'स्टॉप' केलं नाही तर टायमर चालत राहतो. न संपणारे असिंक लूपही याच जातीचे. त्यांना कॅन्सलेशन टोकन द्या आणि बंद करताना ते खरोखर रद्द करा.

मेसेंजर (व्ह्यूमॉडेलांमधले निरोप पोचवणारा) वापरत असाल तर तो कोणत्या जातीचा आहे ते पाहा. कम्युनिटी टूलकिटमध्ये वीक आणि स्ट्राँग असे दोन आहेत. स्ट्राँग घेतला तर नोंदणी हाताने काढावी लागते. प्रिझम या लायब्ररीच्या इव्हेंट ॲग्रिगेटरमध्ये वर्गणी मुळात वीक असते, पण ऐकणाऱ्याला जिवंत ठेवण्याचा पर्याय 'ट्रू' दिला की ती घट्ट होते. हँडलर बोलावला जात नाही म्हणून कोणीतरी घाईने तो 'ट्रू' केलेला असतो, आणि मग ते तसंच राहतं.

डिपेंडन्सी इंजेक्शनचा (लागणाऱ्या वस्तू कंटेनरकडून बनवून घेण्याच्या पद्धतीचा) एक फास कमी लोकांना माहीत आहे. मायक्रोसॉफ्टच्या कंटेनरमध्ये ट्रान्झियंट (दर मागणीला नवी) म्हणून नोंदवलेली डिस्पोजेबल वस्तू मूळ कंटेनरकडून मागितली, तर तिला शेवटी डिस्पोज करता यावं म्हणून कंटेनर ती स्वतःकडे धरून ठेवतो, स्वतः बंद होईपर्यंत. म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे व्ह्यूमॉडेल डिस्पोजेबल केला आणि तो मूळ कंटेनरकडून घेतला, तर एक लीक काढताना दुसरी आत आली. प्रत्येक पावतीसाठी वेगळा स्कोप (कंटेनरचा तात्पुरता कप्पा) करा आणि पावती बंद होताना तो स्कोप डिस्पोज करा.

बाइंडिंगचंही (स्क्रीनवरची जागा आणि प्रॉपर्टी जोडण्याचं) एक जुनं दुखणं आहे. ज्या क्लासने आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड हा बदल कळवणारा इंटरफेस राबवलेला नाही, त्याच्या साध्या प्रॉपर्टीला वनवे किंवा टूवे बाइंडिंग केलं तर बदल कळावा म्हणून डब्ल्यूपीएफ प्रॉपर्टी डिस्क्रिप्टरकडून नोंद करतं. त्या वस्तूकडून आडमार्गाने परत स्क्रीनकडे वाट जात असेल, तर सगळी साखळी अडकते. इंटरफेस राबवा, किंवा मूल्य बदलणारच नसेल तर बाइंडिंग वनटाइम करा.

फोटो आणि क्यूआर

कमिट चढतं आहे, पण डॉटनेटच्या हीपचा (कलेक्टर सांभाळतो त्या मेमरीचा) आकडा स्थिर आहे, असं दिसलं तर दोष व्यवस्थापित मेमरीबाहेर आहे. हीपचा आकडा डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये परफॉर्मन्स मॉनिटरच्या 'सीएलआर मेमरी' गटात मिळतो. डॉटनेट कोअर आणि पुढच्या आवृत्त्यांसाठी डॉटनेट-काउंटर्स हे कमांडचं टूल आहे. दोन्ही फुकट. ही फारकत आधी करणं महत्त्वाचं, नाहीतर हीपमध्ये जे नाहीच ते शोधत बसाल.

काट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा फोटो घेतात. डिस्कवर ही जेपीजी फाइल ३०० केबीची दिसते, पण उलगडल्यावर १९२० बाय १०८० पिक्सेल गुणिले ४ बाइट, म्हणजे सुमारे ८.३ एमबी. पावतीला दोन फोटो. शंभर पावत्या अडकल्या तर १.६ जीबीच्या वर गेलो, आणि ३२ बिटचा प्रोग्रॅम जेवणाच्या सुट्टीआधीच आडवा. स्क्रीनवर फोटो तळहाताएवढाच दाखवायचा असतो. बिटमॅपइमेज बनवताना डिकोडपिक्सेलविड्थ ३२० ठेवली तर तोच फोटो २३० केबीत बसतो. कॅशऑप्शन 'ऑनलोड' ठेवा, म्हणजे फाइल अडकून राहत नाही, आणि शेवटी 'फ्रीझ' करा.

क्यूआरची गोष्ट वेगळी. बऱ्याच ठिकाणी क्यूआर सिस्टिम.ड्रॉइंगच्या बिटमॅपवर काढून गेट-एचबिटमॅप करून डब्ल्यूपीएफकडे देतात. त्या एचबिटमॅपची मालकी आपल्याकडे येते. डिलीटऑब्जेक्ट बोलावून तो आपणच सोडायचा असतो. सोडला नाही तर प्रत्येक क्यूआरमागे एक जीडीआय हँडल जातं, आणि एका प्रोसेसला मुळात १०,००० हँडलांचीच मर्यादा असते. पावतीच्या तीन प्रती, प्रत्येकीला वेगळा क्यूआर, दिवसाला ८०० पावत्या: चार दिवसांत ९,६०० हँडलं. प्रोग्रॅमची स्वतःची काहीशे धरली तर पाचव्या सकाळी क्यूआरची जागा कोरी आणि बटणं अर्धवट रंगलेली. रोज रात्री प्रोग्रॅम बंद होणाऱ्या काट्यावर हे कधीच दिसणार नाही, चोवीस तास चालणाऱ्यावर दिसेल. म्हणूनच वहीत जीडीआयचा स्तंभ लिहायला सांगितला.

टॅलीला पाठवणारी फाइल

हिशेबासाठी पावत्या एक्सएमएल करून टॅलीत नेतात. एक्सएमएलसीरियलायझर बनवताना फक्त टाइप दिला तर डॉटनेट तयार केलेली असेंब्ली (कोडचा गठ्ठा) पुन्हा वापरतं. पण टाइपबरोबर रूट ॲट्रिब्यूट देणारा कन्स्ट्रक्टर वापरला, तर दर वेळी नवी असेंब्ली तयार होते आणि ती प्रोसेस संपेपर्यंत उतरत नाही. सीरियलायझर एकदाच बनवून स्टॅटिक फील्डमध्ये ठेवा. पाच मिनिटांचं काम.

स्नॅपशॉट

इथवर हाती काही लागलं नसेल तर व्हिज्युअल स्टुडिओतलं मेमरी युसेज टूल उघडा. हे कार्यालयातल्या मशीनवर, वजनाचे खोटे आकडे पाठवणारा छोटा प्रोग्रॅम लावून करा. चालू काट्यावर कधीही नाही.

पावती एकदा उघडून बंद करा, म्हणजे पहिल्या वेळेचे सगळे साठे भरून होतात. पहिला स्नॅपशॉट (मेमरीतल्या वस्तूंची त्या क्षणाची यादी) घ्या. मग पावती बरोबर १७ वेळा उघडून बंद करा आणि दुसरा घ्या. १७ का? १० किंवा १०० वाढलेल्या वस्तू हीपमध्ये योगायोगानेही सापडतात. १७, ३४ किंवा ५१ ने वाढलेली ओळ डोळ्यांत भरते आणि ती बहुधा आपलीच असते. त्या ओळीवर 'पाथ्स टू रूट' पाहा. वाचताना आपल्या व्ह्यूमॉडेलपासून मुळाकडे चढत जा आणि ओळखीचं पहिलं दीर्घायुषी नाव आलं की थांबा. वाटेत 'इव्हेंटहँडलर' दिसला तर वर सांगितलेलंच प्रकरण.

दोष सापडून दुरुस्त झाला की त्याची चाचणी लिहून ठेवा: वेगळ्या मेथडमध्ये व्ह्यूमॉडेल बनवा, बंद करा, त्याचा फक्त वीकरेफरन्स (वस्तूला धरून न ठेवणारा दुवा) बाहेर आणा, कलेक्शन चालवा, फायनलायझर थांबू द्या, पुन्हा कलेक्शन चालवा आणि वीकरेफरन्स मेला का ते पाहा. वेगळी मेथड आणि रिलीज बिल्ड दोन्ही हवेत. डीबग बिल्डमध्ये स्थानिक चल मेथड संपेपर्यंत जिवंत धरले जातात आणि नसलेली लीक दिसते. जबरदस्तीचं कलेक्शन चालतं ते अशा चाचणीपुरतंच.

कुठे थांबायचं

इंडिकेटरच्या पेटीला हात लावू नका. व्यापारी काटा लीगल मेट्रॉलॉजी कायदा, २००९ खाली तपासून मुद्रांकित केलेला असतो. सील तोडून आत पाहणं हे आपलं काम नाही, हेतू कितीही चांगला असो. इंडिकेटरवरचाच आकडा अडखळत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. काटा बंद ठेवून परवानाधारक दुरुस्तीवाल्याला बोलवा.

जुन्या पावतीवर नवं वजन चढल्याची एकही नोंद सापडली तर स्वतः डेटाबेसमध्ये दुरुस्ती करू नका. आधी बॅकअप, मग व्यवस्थापकाला लेखी कळवा, आणि ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्याला बोलवा. ती शेतकऱ्याच्या बिलाची गोष्ट आहे.

हीप स्थिर, जीडीआय स्थिर, तरी कमिट चढतं आहे, असं असेल तर गळती बहुधा इंडिकेटरच्या किंवा प्रिंटरच्या डीएलएलमध्ये आहे. तिचा सोर्स तुमच्याकडे नसेल तर तिथे आठवडा घालवण्यात अर्थ नाही. ती देणाऱ्याला कळवा आणि तोवर ते काम वेगळ्या छोट्या प्रोसेसमध्ये हलवा, जी रोज रात्री बंद-चालू करता येईल.

पूर्ण डम्प (प्रोग्रॅमच्या मेमरीची नक्कल) घेऊन विनडीबीजी या डीबगरमध्ये उतरायची पाळी आली आणि ते तुम्ही आधी केलेलं नसेल, तर अनुभवी माणसाला बोलवा. डम्प मात्र व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्या फाइलमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं येतं: शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, बँक खाती. पेन ड्राइव्हवर हातोहात द्या आणि काम झाल्यावर पुसून घ्या.

येणाऱ्या माणसाला चार गोष्टी तयार ठेवा: वहीची पानं, विंडोज आणि डॉटनेटची आवृत्ती, प्रोग्रॅम ३२ बिटचा की ६४ बिटचा, आणि किती पावत्यांनंतर नेमकं काय दिसतं ते. एवढं हातात असलं की मी पहिल्या तासातच 'वजन ऐकणारे'ची ओळ घालून खुर्ची ओढून बसतो आणि पुढच्या ट्रॉलीची वाट पाहतो.